शुगर नॉर्मल आली म्हणून फाइल बंद करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, 22 वर्षं झाली. डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते. पण रोज सकाळी सातपासून उपाशीपोटी बाकावर बसलेल्या माणसांचं रक्त काढायचं, राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये शुगरचं, लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये लिपिडचं म्हणजे रक्तातल्या चरबीचं, आणि दुपारी रिपोर्ट हातात द्यायचे, हे करता करता जे दिसतं ते लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून हे पत्र. लांबलंय, जागेप्रमाणे कमी करा, फक्त कंबरेचा आणि जीटीटीचा (ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघायची टेस्ट) भाग कापू नका एवढी विनंती.

माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात हार्ट अटॅक आला. वय 44. एक स्टेंट टाकला, जीव वाचला. बघणारा त्याला बारीकच म्हणेल, उंची 167 सेंटिमीटर, वजन 66 किलो, तंबाखू नाही, दारू नाही, घरचं जेवण. आमचे आबा 51 व्या वर्षी हार्टनेच गेले म्हणून मी दर वर्षी दिवाळीच्या आधी त्याला लॅबला बोलवायचे आणि सगळ्या टेस्ट लावायचे. फास्टिंग शुगर 94, 96, 97, दर वर्षी अशीच. मी फोन करून सांगायचे, "शुगर नॉर्मल आहे रे," तो म्हणायचा, "मग झालं की आक्का," आणि तो रिपोर्ट कपाटात जायचा. त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) 212 आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 33 असायचं, ठळक अक्षरात, पुढे बाण काढलेला. ते पान मीच प्रिंट केलेलं, मीच स्टेपल केलेलं. मी वाचलं नाही असं नाही, पण "कोलेस्टेरॉल 178 आहे, ठीक आहे" म्हणून सोडून दिलं. हे मला अजून टोचतं, आणि माझ्यासारख्या हजारो घरांत हेच चाललंय म्हणून जाहीर सांगतेय.

शुगर नॉर्मल आणि ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, पोट पुढे, बीपी जरा वर, घरात कुणाला तरी डायबेटिस किंवा हार्ट, हे सगळं एकाच माणसाच्या फाइलमध्ये दिसलं की त्यामागे बहुतेक वेळा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो. हा शब्द आता व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतो पण तो काय आहे ते माझ्या भाषेत सांगते. जेवण झालं, रक्तात साखर आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि स्नायू, लिव्हर, चरबी यांना हाक मारतं की साखर आत घ्या. पोरगं गल्लीत खेळत असतं तेव्हा आई एक हाक मारते आणि ते येतं. पण काही दिवसांनी ते एका हाकेला येईना होतं, मग आई पाच हाका मारते, दहा मारते, तेव्हा येतं. संध्याकाळी सातला पोरगं घरात आहे म्हणजे सगळं ठीक, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. फास्टिंग शुगरचा रिपोर्ट फक्त पोरगं घरात आलं एवढंच सांगतो, आईला किती हाका माराव्या लागल्या ते सांगत नाही. ही हाका मारायची वर्षं पाच असतात, दहा असतात, कधी त्याहून जास्त, आणि शेवटी आईचा आवाज बसतो तेव्हा शुगर वाढते आणि आपण म्हणतो की डायबेटिस "झाला".

पण हार्टचं नुकसान त्या हाकांच्या वर्षांतच सुरू झालेलं असतं, हे लोकांना माहीत नाही. इन्सुलिन सतत चढं राहिलं आणि चरबीच्या पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्या की फॅटी अ‍ॅसिड लिव्हरकडे लोटली जातात, लिव्हर ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडत राहतं, त्यापायी एचडीएल खाली येतं, एलडीएलचे म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि घट्ट होतात (म्हणून नुसता एलडीएलचा आकडा बरा दिसूनही धोका असू शकतो), मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं त्याने बीपी चढतं, आणि रक्तवाहिन्या सैल व्हायच्या तेवढ्या होत नाहीत. जेरल्ड रीव्हन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1988 साली हे सगळं एका माळेत ओवून दाखवलं आणि त्याला सिंड्रोम एक्स म्हणाले, आज आपण मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. 1988! आणि आमच्या लॅबमध्ये येणारी चिठ्ठी अजून "बीएसएल एफ, पीपी", म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एवढ्यावरच थांबते.

आता "पण तो तर बारीक होता" हा प्रश्न. याचं उत्तर परदेशात शोधायला नको, पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलच्या डायबेटिस युनिटचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आणि दाखवलं की आपली बाळं वजनाने कमी जन्मतात पण त्या कमी वजनातही चरबी टिकवून ठेवतात, कमी पडतो तो स्नायू. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची 21.2 टक्के. माझ्या भावाचा बीएमआय 23.7, वजनकाट्यावर बारीक, आणि पोटात तीच लपलेली चरबी. म्हणून आपल्या लोकांसाठी मोजमाप वेगळं ठरवलंय, कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटर, याच्या वर गेली की सावध व्हायचं.

कंबर म्हणजे पँटची साइज नाही, हे ठळक छापाल तर उपकार होतील. भाऊ म्हणतो माझी कंबर 34 इंच. अरे, ती पँट पोटाच्या खाली बांधलेली असते! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवी सरळ धरून मोजायची, कपडा वर घेऊन. त्याची भरली 94 सेंटिमीटर. शिंप्याची टेप वीस-तीस रुपयाला मिळते. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगते, गावातल्या आशाताई 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सरकारी फॉर्म भरतात त्यात कंबरेचा रकाना आहे, त्या बिचाऱ्या टेप घेऊन दारोदार जातात. पण भाऊ ज्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये होता तिथे इको झाली, अँजिओग्राफी झाली, पन्नास कागद झाले, कंबर कुणीच मोजली नाही.

डिस्चार्ज कार्डवर टाइप केलं होतं "नॉन डायबेटिक". हे कशावरून, तर अ‍ॅडमिट असताना केलेल्या साध्या शुगरवरून. मला चैन पडेना. दोन महिन्यांनी मी त्याच्या डॉक्टरांना विचारून आमच्याच लॅबमध्ये जीटीटी लावली. आधीचे तीन दिवस रोजचं व्यवस्थित जेवण (मुद्दाम उपास किंवा डाएट करून यायचं नाही, भात-भाकरी एकदम बंद केलेली असली तर आकडा फसवतो), रात्रभर उपाशी, सकाळी पहिलं सॅम्पल, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्यायचं, दोन तास एका जागी बसायचं, चहा नाही, विडी नाही, फेऱ्या मारायच्या नाहीत, आणि दुसरं सॅम्पल. फास्टिंग आली 104. दोन तासांची 186. नॉर्मल म्हणजे 140 च्या आत, 200 पासून पुढे डायबेटिस, हा मधल्या पट्ट्यात बसला. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 5.9. म्हणजे ज्याला "नॉन डायबेटिक" म्हणून घरी पाठवला तो डायबेटिसच्या उंबऱ्यावर उभा होता आणि कितीतरी वर्षं उभा असणार.

हा एकट्या माझ्या भावाचा किस्सा असता तर पेपरला लिहिलं नसतं. 2002 साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास लॅन्सेटमध्ये छापला, हार्ट अटॅक आलेले 181 पेशंट, कुणालाही आधी डायबेटिस माहीत नव्हता. घरी सोडताना जीटीटी केली तर 35 टक्के मधल्या पट्ट्यात आणि 31 टक्के सरळ डायबेटिसच. कुणी म्हणेल अटॅकच्या ताणामुळे शुगर वाढली असेल, तर तीन महिन्यांनी परत केली, 40 टक्के आणि 25 टक्के. म्हणजे दोन्ही वेळा तिघांतले दोघं. ही गोरी, थंड देशातली माणसं. आपल्याकडे तर पहिला अटॅकच लवकर येतो, इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं सरासरी वय 53 निघालं, बाकी देशांत जवळजवळ 59. आणि आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालात भारतात डायबेटिस 10 कोटी 10 लाख लोकांना आणि प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या अलीकडची पायरी) 13 कोटी 60 लाख लोकांना आहे असं दिलंय. या 13 कोटींतल्या बहुतेकांना कुणीतरी "शुगर नॉर्मल आहे, जरा बॉर्डरला आहे" असंच सांगितलेलं असणार.

आता इन्सुलिनची टेस्ट. आपल्याकडे फास्टिंग इन्सुलिन हा शब्द खेडोपाडी पोचला तो डॉ. जिचकारांच्या विचारामुळे आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाच्या मोहिमेमुळे, 55 मिनिटांचं जेवण आणि सुरुवात करण्याआधी फास्टिंग इन्सुलिन आणि एचबीएवनसी. शुगरच्या पलीकडे काहीतरी आहे हे त्यामुळे लोकांना कळलं हे मी मनापासून मानते, कारण त्या आधीच्या माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एकाही पेशंटने मला इन्सुलिन विचारलं नव्हतं. पण आता उलटी गोष्ट झालीय, लोक ती एकच टेस्ट करून जातात, लिपिड करत नाहीत, बीपी बघत नाहीत, आणि शहरातल्या पॅकेजवाल्यांनी तर "इन्सुलिन रेझिस्टन्स प्रोफाइल" म्हणून हजारांत विकायला काढलंय. रक्त तपासणारी बाई म्हणून सांगते, त्या आकड्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका.

कारणं सांगते. शुगर कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये जवळपास सारखी येते, इन्सुलिनचं तसं नाही, मशीन बदललं, किट बदललं की आकडा बदलतो. भावाचं एकाच सकाळी काढलेलं रक्त मी दोन मोठ्या लॅबना पाठवलं, एकाने 18 दिलं, दुसऱ्याने 12. शुगर तीच 97. होमा नावाचं गणित असतं, 1985 साली ऑक्सफर्डमध्ये काढलेलं, शुगर गुणिले इन्सुलिन भागिले 405. पहिल्याच्या आकड्याने 4.3, दुसऱ्याच्या आकड्याने 2.9. एक आकडा दुसऱ्याच्या दीडपट, माणूस एकच! त्यात रिपोर्टवर छापलेली रेंज आमच्याकडे 2.6 ते 24.9 आहे, म्हणजे 18 वाल्याच्या पुढे बाणसुद्धा येत नाही आणि तो खुश होऊन घरी जातो. रक्त काढताना फुटलं, म्हणजे लाल पेशी फुटून सिरम गुलाबी झालं, तर इन्सुलिन खोटं कमी दिसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांचं काही मशीनवर चुकीचं येतं, आणि आमच्याकडे सांगत कुणीच नाही की गोळ्या चालू आहेत. जो आधीच इन्सुलिनची इंजेक्शनं घेतो त्याच्या होमाला अर्थ नाही. आणि ज्याचं स्वादुपिंड थकलंय त्याचं इन्सुलिन कमीच येणार, ते चांगलं लक्षण धरायचं का?

खरी पक्की टेस्ट आहे ती वेगळीच, क्लॅम्प म्हणतात, 1979 साली डीफ्राँझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट बसवून दिली. एका शिरेतून ठरलेल्या वेगाने इन्सुलिन, दुसरीकडून ग्लुकोज, दर पाच मिनिटांनी शुगर बघून ग्लुकोज कमीजास्त करायचं आणि शुगर एका जागी धरून ठेवायची, दोन-तीन तास. जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागेल तितकं शरीर इन्सुलिनचं ऐकतंय. ही संशोधनाची टेस्ट, दवाखान्यात कोण करणार.

मग साध्या माणसाने काय बघायचं, तर जे फाइलमध्ये आधीच आहे ते एकत्र बघायचं. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा. भावाचं 212 भागिले 33, साडेसहाच्या जवळ. अमेरिकेत 2003 साली रीव्हन यांच्याच गटाने 3 च्या आसपासची रेषा सुचवली, सगळ्या समाजांना ती सारखी लागू पडत नाही हे खरं, पण साडेसहाला वाद घालायला जागा कुठे आहे. किंवा मेटाबॉलिक सिंड्रोमचे पाच आकडे घ्या, कंबर वर सांगितली ती, ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, एचडीएल पुरुषात 40 च्या आणि बाईत 50 च्या खाली, बीपी 130/85 किंवा वर, फास्टिंग 100 किंवा वर, पाचातले तीन भरले की झालं. माझ्या भावाचे कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल असे तीन अटॅकच्या आधीच भरत होते आणि त्यातले दोन माझ्या प्रिंटरमधून निघालेले. बीपी धरलं तर चार, कारण शेवटच्या वर्षी 134/86 होतं आणि आम्ही दोघांनी ते "कामाचं टेन्शन" म्हणून सोडलं.

मानेवरची काळी, मखमलीसारखी जाड झालेली त्वचा आणि मानेवर, काखेत येणारे बारीक चामखीळ, यालाही लोक मळ समजून घासत बसतात. पोरींना आई रागावते की मान नीट धुवत नाहीस. ती मान घासून जाणार नाही हो, तिची शुगर आणि लिपिड बघा, पाळी अनियमित असेल तर डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड 1" लिहून येतं तेही असंच, सगळ्यांनाच असतं म्हणून सोडून देतात.

बायकांबद्दल अजून एक. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन 9, 10 असतं. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते, आणि काही रक्ताच्या आजारांत खोटी कमी दिसते. म्हणून एचबीएवनसी वाचताना शेजारी हिमोग्लोबिन वाचायला पाहिजे, नाहीतर एकीला उगाच गोळ्या आणि दुसरीला उगाच दिलासा.

माझी मागणी छोटी आहे. हार्टच्या ओपीडीत बीपीच्या मशीनशेजारी एक टेप ठेवा आणि केसपेपरवर कंबरेचा रकाना छापा. अटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या ज्या पेशंटला डायबेटिस माहीत नाही त्याची फास्टिंग आणि एचबीएवनसी तर कराच, आणि ती बॉर्डरला असली, किंवा पोट आणि ट्रायग्लिसराइड बघून शंका आली, तर दोन-तीन महिन्यांनी जीटीटी करा. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या 2023 च्या सूचनांमध्येही हृदयविकाराच्या प्रत्येक पेशंटला डायबेटिससाठी तपासा असं म्हटलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा लाखभराचा खर्च सरकार उचलतं, ते फार मोठं काम आहे, त्यातून आमच्या भागातली किती माणसं वाचली. मग पुढच्या तपासणीत दीडशे-दोनशे रुपयांची जीटीटी आणि एक टेप बसवायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल कळून फायदा काय, यावर वेगळं औषध थोडंच आहे. अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात प्रीडायबेटिसवाल्यांनी वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं असं ठरवून केलं तर डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने 31 टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर केलं तेव्हा आहार-व्यायामाने 28.5 टक्के आणि मेटफॉर्मिनने 26.4 टक्के, कमी आहे पण आपलं आहे. मेंदूचा झटका येऊन गेलेल्यांत होमा 3 च्या वर बघून पायोग्लिटाझोन हे डायबेटिसचं औषध दिल्याचाही एक अभ्यास 2016 चा आहे, झटका किंवा हार्ट अटॅक 11.8 वरून 9 टक्क्यांवर आला, पण वजन वाढलं, पायावर सूज आली, हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं, त्यामुळे ते कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि कृपा करून, "स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलच्या गोळीने) शुगर वाढते" असा मेसेज वाचून स्टेंटवाल्यांनी मनाने गोळी बंद करू नये. थोडी वाढते काहींची, पण ज्याला ब्लॉकेज आहे त्याला त्या गोळीचा फायदा कितीतरी मोठा. आमच्याकडे असा एक जण गोळी सोडून बसला होता, परत अ‍ॅडमिट झाला.

भाऊ आता रोज सकाळी नदीच्या घाटापर्यंत जाऊन येतो, संध्याकाळी भावजय त्याला जेवणानंतर बसू देत नाही, भाताची मूद एकच, गूळ-चहा सोडला, मटकी आणि ताक वाढलं. कंबर 94 ची 89 झाली, ट्रायग्लिसराइड 146, एचडीएल मात्र हट्टी आहे, 36. मागच्या आठवड्यात परत जीटीटी लावली, दोन तासांची 151 आली. अजून 140 च्या वरच आहे, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. त्याच्या दोन मुलींचीही कंबर मोजली, थोरली 15 वर्षांची आहे आणि तिची मान काळी पडायला लागलीय, तिला घेऊन येत्या सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहोत.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन, जि. सातारा